वरचा हात डावा

आमचे भावोजी कुणाच्या घरी गेले की आधी बसत नाहीत, आधी खुर्ची उलटी करतात. घरचे लोक "बसा, बसा" म्हणत असतात आणि हे गुडघे टेकून खुर्चीच्या पोटात डोकं घालून बघत असतात. खालच्या गाठींवरून बोट फिरवायचं, खुर्ची सुलटी करायची, हात झटकायचे आणि निकाल द्यायचा, "आमच्याकडची नाही." मग त्याच खुर्चीवर ऐसपैस बसायचं. माझी ताई, म्हणजे त्यांची बायको, तेवढा वेळ समोरच्या भिंतीकडे बघत उभी असते. लग्नापासून तिने किती लोकांच्या भिंती पाठ केल्यात ते तिचं तिलाच माहीत.

भावोजींचा धंदा वेताच्या खुर्च्या विणण्याचा. बैठक फाटली, पाठ सैल झाली की लोक त्यांच्याकडे खुर्ची आणून टाकतात. आणि "आमच्याकडची" म्हणजे त्यांच्या आजोबांच्या जिल्ह्यातली. आजोबा तरुणपणी तिथून उठून या शहरात आले, ते आलेच. ते परत गेले नाहीत, भावोजींचे वडील कधी गेले नाहीत, भावोजीही नाहीत. पण अभिमान विचाराल तर उतू जातोय! "आमचा जिल्हा" असं म्हणतात, जसं काही जगात दुसरा जिल्हाच नाही. आमच्या जिल्ह्यात दाराला कडी लावत नाहीत. आमच्या जिल्ह्याचं पाणी प्यायलं की औषध लागत नाही. एकदा माझी दाढ ठणकत होती, गाल हा एवढा सुजलेला, तर हे म्हणाले, "आमच्या जिल्ह्यात कुणाच्या दाढा दुखत नाहीत."

मी म्हटलं, "मग तिथले दातांचे डॉक्टर काय करतात हो भावोजी? खुर्च्या विणतात?"

"मेहुणीबाई, थट्टा करा," ते म्हणाले. "पण एकदा बघाल तेव्हा तोंडात बोट घालाल."

"तुम्ही तरी कुठे बघितलाय?"

यावर त्यांना एकदम काम निघतं. लगेच कुठली तरी खुर्ची आठवते.

मी दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीत बसते. "कुठले तुम्ही?" हे दिवसभर विचारणं माझी नोकरीच आहे, आणि खरं सांगते, मला ते विचारायला आवडतं. कुणी गल्ली सांगतं, कुणी नळाशेजारचं घर सांगतं. कुणी पार आजोबा-पणजोबांच्या गावाला जाऊन पोचतं आणि मागची रांग ओरडायला लागते. तसली माणसं मी मुद्दाम जास्त बोलती करते. तर अशा बाईच्या डोक्यात भावोजींचा जिल्हा अडकून न बसता तरच नवल. दोन गोष्टी मला काही केल्या सुटत नव्हत्या. जिल्हा एवढा सोन्यासारखा, मग घरातलं एक माणूस तिकडे परत का गेलं नाही? आणि तिथल्या खुर्च्या एवढ्या नावाजलेल्या, तर इतक्या घरांतून इतक्या खुर्च्या उलट्या करून भावोजींना "आमच्याकडची" एकही कशी सापडली नाही?

त्यांचा कारखाना म्हणजे राहत्या घराच्या तळमजल्यावरची एक खोली. दाराशी पत्र्याचं घमेलं, त्यात वेताच्या लांब पट्ट्या भिजत पडलेल्या असतात, कारण कोरडा वेत वाकवला की मोडतो. भिंतीलगत बुडं नसलेल्या खुर्च्यांची रांग. खिडकीपाशी लाकडी घोडी, तिच्यावर खुर्ची चढवायची आणि विणायचं. चौकटीला चहूबाजूंनी भोकं असतात. एक हात बैठकीच्या वर, एक खाली. वरचा हात पट्टी चालवतो, खालचा ती झेलतो आणि ताणून धरतो. वरचा हात हुशार, खालचा हमाल, असं भावोजी सांगतात.

आणि त्यांच्या घराण्याचा नियम असा, की वरचा हात डावा.

बाकी सगळ्या शहरात विणणारे उजवा हात वर ठेवतात. डावा वर ठेवला की विणीचा ओघ उलटा होतो आणि खालच्या गाठींची टोकं दुसऱ्या बाजूला वळतात. खुर्ची उलटी करून भावोजी तेच शोधत असतात. आता गंमत बघा, भावोजी काही डावरे नाहीत. जेवतात उजव्याने, दाढी उजव्याने, मला दम देतात तोही उजव्या हाताचं बोट नाचवून. फक्त विणायला बसले की डावा वर. लहानपणी त्यांना ते जमत नव्हतं. उजवा हात आपोआप वर यायचा आणि त्यांचे वडील फूटपट्टीने त्याच्या बोटांवर मारायचे. हे भावोजी एखादं बक्षीस मिळाल्यासारखं सांगतात.

"पण का मारायचे?" मी विचारलं होतं.

"का म्हणजे? आमच्या जिल्ह्यात सगळे असंच विणतात. आजोबांनी वडिलांना तसंच शिकवलं, वडिलांनी मला."

"उजव्याने विणलं तर खुर्ची पडते का?"

"खुर्ची नाही पडत. पण ती आमची राहत नाही."

इथवर सगळं चेष्टेवारी चाललं होतं. पण माझी भाची, त्यांची एकुलती एक मुलगी, या कामाला लागली आणि चेष्टा संपली.

पोरीला हे काम मनापासून आवडतं. लहान असल्यापासून घमेल्याशी खेळत मोठी झाली. भावोजींची पाठ आता धरते, घोडीवरून उठताना ते ताईला हाक मारतात, तेव्हा दुकान पोरीने घ्यावं हे सगळ्यांच्याच मनात होतं. अडचण एवढीच, की ती पक्की उजवी. डावा हात वर ठेवला की तिची वीण कुठे सैल, कुठे चिमटलेली. एक बैठक विणताना तीनदा उसवायची. मी एका दुपारी गेले तेव्हा भावोजी गिऱ्हाइकाकडे गेलेले, आणि ही बाई उजवा हात वर ठेवून अशी सपासप विणत होती, की मी दारातच उभी राहिले. टिचकी मारली तर बैठक टणटण वाजली.

"मावशी, सांगू नकोस हं," ती म्हणाली.

मी कशाला सांगते? पण भावोजींच्या बोटांना सांगावं लागत नाही. त्यांनी आल्या आल्या खुर्ची उलटी केली, गाठींवरून बोट फिरवलं, आणि खिशातला चाकू काढून ती अख्खी बैठक चारी बाजूंनी कापून टाकली. पट्ट्या जमिनीवर पडल्या.

"ही आपली नाही," ते म्हणाले.

ताई जिन्यात उभी होती, ती तिथेच पायरीवर बसली. मला इतका संताप आला की काही सुचेना. "भावोजी, डोकं ठिकाणावर आहे का तुमचं? पोरीचा दिवस गेला त्यात!"

"दिवस जाऊ दे. आजोबांची वीण जाता कामा नये."

पोरगी रडली नाही. तिने पट्ट्या गोळा केल्या, हात पुसले आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "मावशी, तुमच्या दवाखान्यात जागा निघणार होती ना? माझ्यासाठी शब्द टाक. मला इथे नाही बसायचं."

भावोजींचा चेहरा पडला. पण माघार घेतील तर ते भावोजी कसले! ते म्हणाले, "जा. पण दुकानात बसायचं तर वरचा हात डावा."

आता हे असं तुटायला आलेलं मला बघवेना. आणि खोटं कशाला बोलू, तो जिल्हा बघायचीही माझी कधीची इच्छा होती. मी म्हटलं, "हातच्या काकणाला आरसा कशाला? चला, जाऊन बघू तुमचा जिल्हा. तिथे सगळे डावा वर ठेवून विणत असतील, तर पोरगी डाव्यानेच शिकेल आणि मी या विषयावर पुन्हा तोंड उघडणार नाही. पण नसतील, तर तिला तिच्या हाताने विणू द्यायचं."

"मेहुणीबाई, हरणार तुम्ही."

"तुझं तोंड बंद?" पायरीवरून ताई म्हणाली. "हे बघायला तरी मी येते."

सुट्टीच्या दिवशी सकाळच्या बसने आम्ही चौघं निघालो. भावोजींनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, बुटांना पॉलिश. शेजारच्या प्रवाशाला, पुढच्याला, कंडक्टरला, सगळ्यांना सांगून झालं, "आमच्या जिल्ह्यात चाललोय." कंडक्टर म्हणाला, "मी रोज जातो." भावोजींनी त्याच्याकडे इतक्या आदराने बघितलं, की तो बिचारा ओशाळला. भाची खिडकीशी बसून होती, बापाशी बोलत नव्हती. पण जिल्ह्याच्या हद्दीची पाटी आली तेव्हा भावोजींनी तिला हात जोडले आणि मी बघितलं, तिने हळूच त्यांच्याकडे वळून बघितलं.

दुरून डोंगर साजरे म्हणतात, इथे तर डोंगरही नव्हता. सपाट जमीन, पेट्रोल पंप, मोबाइलची दुकानं, एका घराबाहेर साखळीला बांधलेलं कुत्रं. दारांना कड्याच काय, कुलपंसुद्धा होती. स्टँडवर भावोजींनी नळाचं पाणी ओंजळीने प्यायलं आणि डोळे मिटून म्हणाले, "काय चव आहे!" मी प्यायले. मचूळ होतं. ताईने मला डोळ्यांनी दटावलं, म्हणून मी "छान आहे" म्हटलं.

आजोबांच्या तोंडून ऐकलेली एकच खूण भावोजींकडे होती, तळ्याकाठची विणकामाची शेड. विचारत विचारत गेलो. तळं होतं. शेडही होती, लांबलचक, एका बाजूने उघडी. बाहेर घमेली मांडलेली, त्यात पट्ट्या भिजत होत्या. तोच ओल्या वेताचा वास. भावोजींनी एक ओली पट्टी उचलून नाकाशी धरली. "बघा," ते म्हणाले, "बघा, मेहुणीबाई."

आत बायका-पुरुष एका रांगेत, खांद्याला खांदा लावून विणत होते. आणि सगळ्यांचा उजवा हात वर होता.

भावोजी रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले, मग परत आले. प्रत्येकासमोर थांबून हात बघत होते. "हे नव्याने शिकलेले असतील," ते पुटपुटले. मी जिंकले होते, पण नुसती त्यांच्या मागे चालत राहिले. एका बाईला त्यांनी विचारलं, "तुमच्याकडे डावा हात वर ठेवणारे कुठे बसतात?" ती हसायलाच लागली. तिने आवाज देऊन शेवटच्या माणसाला विचारलं, "अहो बुवा, हे बघा काय विचारताहेत!"

ते म्हातारबुवा नव्वदीचे तरी असतील. विणत नव्हते आता, नुसते बसून इतरांच्या पट्ट्या सोलून देत होते. "डावा वर?" ते म्हणाले. "तसा एकच होता इथे. डावऱ्या म्हणायचे त्याला. माझ्या जन्माच्या आधीची गोष्ट. माझे वडील सांगायचे, त्यांच्याच शेजारी बसायचा तो. आता रांग बघा, सगळ्यांची कोपरं एका बाजूला जातात म्हणून बसता येतं. याचं कोपर उलटं, सारखं माझ्या वडिलांच्या बरगडीत! शिव्या खायचा पोरगा. शेवटी त्याला रांगेतून उठवून दारापाशी एकटा बसवला."

"मग?" मी विचारलं. मला राहवतंय कुठे!

"मग काय? शाळेत मास्तरांनी हात बांधून लिहायला उजवा लावला. आईने जेवायला उजवा लावला. ते सगळं शिकला. विणायला बसला की मात्र डावाच वर यायचा. वीण चांगली होती म्हणे, घट्ट. पण गाठी उलट्या. मुकादम खुर्ची उलटी करून बघायचा आणि चाकूने सगळी बैठक कापून टाकायचा. 'ही आपल्याकडची नाही' म्हणायचा. पोरं हसायची. एक दिवस गेला उठून. कुठे गेला, काय झालं, कुणाला कळलं नाही. कुणी शोधलंही नसेल."

बुवांनी हे अगदी सहज सांगितलं. त्यांच्यासाठी ती वडिलांनी सांगितलेली एक गमतीची गोष्ट होती. मी भावोजींकडे बघितलं नाही, मला धीरच झाला नाही. माझ्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं मला मिळाली होती आणि ती मिळाली नसती तर बरं, असं आयुष्यात पहिल्यांदा वाटलं. ज्या माणसाला सगळ्या जिल्ह्याने हसून दारात बसवलं, त्याने शहरात जाऊन आपल्या मुलाला काय सांगितलं? आपल्या जिल्ह्यात सगळे असेच विणतात. सगळे, एकूणएक. आणि ते खरं करण्यासाठी त्या घरात उजव्या हातांवर फूटपट्टी बसली, आणि त्याच शब्दांनी, तशाच चाकूने, परवा माझ्या भाचीची बैठक कापली गेली. मला भावोजींच्या त्या कधी न पाहिलेल्या आजोबांचा रागही येईना. रडूच आलं.

ताई भावोजींच्या शेजारी जाऊन उभी राहिली. ते आपल्या उजव्या हाताच्या बोटांकडे बघत होते, उलटसुलट करून.

एवढ्यात टणटण असा टिचकीचा आवाज आला. मघाच्या त्या हसऱ्या बाईशेजारी रांगेत एक जागा रिकामी होती आणि आमची पोरगी तिथे जाऊन बसली होती. कुणी तिला बस म्हटलं की ती आपणहून बसली, देव जाणे. अर्धवट विणलेली खुर्ची पुढ्यात, उजवा हात वर, आणि पट्टी अशी चाललेली, की शेजारचीचं कोपर आणि तिचं कोपर एकाच वेळी मागे जात होतं, एकाच वेळी पुढे येत होतं. तिने बुवांचं बोलणं ऐकलं होतं की नाही, मला सांगता येणार नाही. मान खाली होती.

बुवा डोळे बारीक करून बघत होते. उठले, काठी टेकत तिच्यापाशी गेले, वाकून खालच्या गाठींवरून बोट फिरवलं. "वा!" ते म्हणाले. "ही कुणाची गं? आपल्याकडचीच दिसते."

मग बुवा वळून भावोजींना म्हणाले, "आणि तुम्ही कुठले?"

या प्रश्नाचं उत्तर भावोजींनी जन्मभर न विचारता दिलं होतं. बसमध्ये दिलं, कंडक्टरला दिलं, माझ्या सुजलेल्या दाढेलासुद्धा दिलं. आता खुद्द जिल्हाच विचारत होता. मला वाटलं, हा माणूस आता इथेच खाली बसतो. मी पुढे होणार होते, काहीतरी थट्टा करून वेळ मारून नेणार होते. ताईने माझा दंड धरला.

भावोजींनी घसा साफ केला.

"तो डावऱ्या माझा आजोबा," ते म्हणाले. आवाज एवढा मोठा, की रांगेतले हात थांबले. कुणी हसलं नाही, आणि हसलं असतं तर मी बघून घेतलं असतं. "शहरात आमचं दुकान आहे. त्याचंच. तिथे आम्ही डावा हात वर ठेवून विणतो. मी अजून तसंच विणतो." मग रांगेकडे बोट करून, आजवर जिल्ह्याचं नाव काढताना लागायचा तोच सूर लावून ते म्हणाले, "ती माझी मुलगी. ती उजव्याने विणते."

भाचीचा हात पट्टीवर तसाच राहिला. मान वर करून ती बापाकडे बघायला लागली, आणि डोळे भरून आलेले.

"थांबलीस कशाला?" भावोजी म्हणाले. "वेत वाळेल."